कापड प्रोसेसचं सांडपाणी मेंब्रेनने शुद्ध करून परत वापरायचं: टप्प्याटप्प्याने कसं करायचं आणि कुठे चुकतं

आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाबाने पाणी पडद्यातून ढकलून मीठ मागे ठेवणारं युनिट) तीन महिन्यांत चोक होतोय, कुठल्या कंपनीचं मेंब्रेन (तो पडदा) घेऊ, हा प्रश्न प्रोसेस हाऊसवाल्यांकडून सारखा येतो. मेंब्रेन बदलून बघतात, मग अँटीस्केलंट (क्षारांचा थर, म्हणजे स्केल, बसू नये म्हणून घालायचं केमिकल) बदलतात, मग ऑपरेटर बदलतात आणि प्लांट आहे तिथेच. कारण घोटाळा बहुतेक वेळा आरओच्या स्किडवर (पंप-मेंब्रेनच्या सांगाड्यावर) नसतोच, तो इक्वलायझेशन टाकीत (जिथे सगळं पाणी मिसळून एकसारखं करतात), डोसिंग पंपावर नाहीतर थेट डाईंग मशीनच्या ड्रेनला असतो, आणि मागचं काम अर्धवट असेल तर कितीही भारी मेंब्रेन आणा, ते टिकणार नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा आणि मधल्या तपासण्या गाळू नका. तपासणीत नापास झालात तर आधीच्या टप्प्यावर परत जा.

टप्पा १: ड्रेनवर उभं राहून पाणी ओळखा

प्लांटचं डिझाईन करायच्या आधी निदान आठवडाभर पाणी मोजा. एक सॅम्पल लॅबला पाठवलं आणि त्या एका रिपोर्टवर प्लांट मागवला ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण हे पाणी तासातासाला बदलतं. डिसायझिंगच्या (सुताची खळ काढण्याच्या) पाण्यात स्टार्च नाहीतर पीव्हीए ही कृत्रिम खळ, स्कावरिंगमध्ये कॉस्टिक आणि कापसाचं मेण, ब्लीचिंगमध्ये उरलेलं पेरॉक्साईड, रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगमध्ये लिटरला ४० ते १०० ग्रॅम मीठ वर सोडा अ‍ॅश, प्रिंटिंगमध्ये युरिया आणि थिकनर, फिनिशिंगमध्ये सॉफ्टनर आणि सिलिकॉन. जेट मशीनचा डाय बाथ सुटतो तेव्हा ड्रेनला गडद, वाफाळतं, मिठाने जड झालेलं पाणी येतं आणि थोड्या वेळाने त्याच ड्रेनला वॉशचं जवळजवळ नितळ पाणी वाहत असतं. तुमचं सॅम्पल यातल्या कुठल्या क्षणी घेतलं त्यावर रिपोर्ट पूर्ण बदलतो.

दर तासाला फ्लो, पीएच, तापमान आणि कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, तिच्यावरून क्षार कळतात) लिहून ठेवा, आणि चोवीस तासांच्या मिश्र सॅम्पलमधून सीओडी आणि बीओडी (घाण मोडायला किती ऑक्सिजन लागतो ते), टीएसएस (तरंगते कण), टीडीएस (विरघळलेले क्षार), रंग, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी, सल्फेट, सिलिका, लोह, तेल-ग्रीस हे सगळं काढा. सिलिका आणि लोह लोक हमखास विसरतात आणि पुढे आरओ त्यांच्यावरच अडतो.

दुसरं काम स्टोअरमध्ये. महिनाभरात कुठलं केमिकल किती किलो गेलं त्याची यादी काढा, ती लॅब रिपोर्टपेक्षा जास्त खरं सांगते. उदाहरणार्थ दिवसाला ५०० किलो मीठ जातंय आणि सांडपाणी १०० घनमीटर आहे, तर नुसत्या मिठामुळेच टीडीएस ५००० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) यायला हवा. रिपोर्टमध्ये २५०० दिसत असेल तर सॅम्पल चुकीच्या वेळचं आहे किंवा पाणी मोजण्यात गडबड आहे.

तपासणी: मिठाचा हिशोब आणि मोजलेला टीडीएस जुळतोय का? सोडा अ‍ॅश, कॉस्टिक आणि कच्च्या पाण्याचा स्वतःचा टीडीएस धरायला विसरू नका. फार मोठी तफावत असेल तर पुन्हा मोजा, पुढे जाऊ नका.

टप्पा २: पाणी जन्मतःच वेगळं करा

सगळं एका गटारात सोडायचं आणि मग मेंब्रेनने वेगळं करायचं हा उलटा धंदा आहे. निदान चार प्रवाह वेगळे काढता येतात का बघा.

मर्सरायझिंगचं (कापडाला चमक यावी म्हणून कॉस्टिकमधून काढण्याचं) कॉस्टिकचं पाणी वेगळं घ्या, ते इव्हॅपोरेट करून कॉस्टिक परत वापरता येतं आणि ते मेनलाईनला आलं नाही तर अ‍ॅसिडचा खर्चही वाचतो. रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगचा पहिला ड्रेन, म्हणजे मूळ डाय बाथ आणि फार तर पहिला वॉश, वेगळ्या टाकीत घ्या. पाणी थोडं पण मिठाचा मोठा हिस्सा त्यातच असतो, तो मेनलाईनला गेला नाही तर आरओच्या फीडचा (आत जाणाऱ्या पाण्याचा) टीडीएस एकदम खाली येतो. बाकीच्या वॉशचं पाणी, जे सगळ्यात जास्त असतं, ते तुमच्या आरओसाठी सगळ्यात सोपं पाणी. आणि चौथं फिनिशिंगचं: कॅटायनिक सॉफ्टनर, सिलिकॉन इमल्शन, फिक्सिंग एजंट. हे पॅडरच्या (कापडाला केमिकल पाजणाऱ्या मशीनच्या) ट्रफमध्ये उरलेलं असतं, बादलीने मोजता येईल इतकं थोडं, पण आरओच्या पॉलिअमाईड मेंब्रेनवर साधारण ऋण भार असतो आणि हे धन भाराचे पदार्थ त्याला असे चिकटतात की धुऊनही नीट निघत नाहीत. ट्रफमधलं उरलेलं पाणी ड्रेनला सोडायचं नाही, ड्रममध्ये वेगळं काढायचं, एवढा एक नियम पाळला तरी मेंब्रेनचं आयुष्य वाढतं. यासाठी मशीनवरच्या माणसांशी बसून बोला, ईटीपीचा (सांडपाणी प्लांटचा) ऑपरेटर हे एकटा करू शकत नाही.

सावधान: सल्फर डाईंगचं पाणी अ‍ॅसिडिक पाण्यात मिसळू देऊ नका आणि त्यात थेट अ‍ॅसिडही टाकू नका, हायड्रोजन सल्फाईड सुटतो. हा वायू माणूस मारतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो. कुठल्याही बंद टाकीत किंवा चेंबरमध्ये गॅस मीटर, वारा, दोर आणि वर उभा माणूस याशिवाय कोणालाही उतरवू नका.

टप्पा ३: चाळणी, गारवा, इक्वलायझेशन

क्रम असा: आधी जाड चाळणी, मग बारीक ड्रम स्क्रीन, मग इक्वलायझेशन टाकी, आणि तिथून पुढे जाताना कूलिंग. पुढे होलो फायबर (पोकळ तंतूंचं) मेंब्रेन बसवायचं असेल तर स्क्रीन १ ते २ मिलीमीटरच्या आतली हवी. कापसाचे तंतू सुटे असताना निरुपद्रवी वाटतात पण टाकीत ब्लोअरच्या हवेने ते एकमेकांत पिळले जाऊन त्यांचे दोर बनतात आणि मेंब्रेनच्या फायबरला गुंडाळून बसतात, मग मॉड्यूल बाहेर काढून हाताने सोडवत बसावं लागतं आणि त्यात फायबर तुटतात.

इक्वलायझेशनवर कंजूषी करू नका. चार-सहा तासांची टाकी कागदावर चालते, प्रत्यक्षात मशीनची बॅच सायकल, शिफ्ट बदल आणि गडद-फिकट शेडचा कार्यक्रम बघता १८ ते २४ तासांची टाकी असली तरच पुढचं डोसिंग स्थिर राहतं. टाकीत खालून हवा किंवा मिक्सर हवाच, नाहीतर ती नुसती साठवण टाकी होते.

तापमान बायोलॉजिकलला (बॅक्टेरियाने घाण खायच्या टप्प्याला) जाताना ३८ डिग्रीच्या खाली आणा, त्याच्या वर बॅक्टेरिया दमतात. बहुतेक आरओ मेंब्रेनची वरची मर्यादा ४५ डिग्री असते पण त्या मर्यादेला चिकटून चालवायचं नसतं. कूलिंग टॉवर लावत असाल तर फिलमध्ये (टॉवरच्या आतल्या जाळीत) लिंट, म्हणजे कापसाचे तंतू, अडकणार हे धरून उघडं, सहज साफ होणारं फिल घ्या.

न्यूट्रलायझेशनला सल्फ्युरिक घ्यायचं की हायड्रोक्लोरिक, हा निर्णय आरओचा विचार करून घ्या. सल्फ्युरिकने सल्फेट वाढतं आणि कॅल्शियम असेल तर जिप्समचं स्केल होतं, हायड्रोक्लोरिकने क्लोराईड वाढून स्टेनलेस स्टीलला भोकं पडतात. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साईड वापरायची सोय असेल तर हे दोन्ही टळतं.

तपासणी: टाकीच्या आउटलेटला दिवसभरात पीएच एक युनिटपेक्षा जास्त हलत असेल तर टाकी लहान आहे नाहीतर मिक्सिंग कमी आहे.

टप्पा ४: जार टेस्ट, आणि रंग घालवायच्या नादात होणारी चूक

इथे मी जरा थांबून लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं.

जार टेस्ट (कुठलं केमिकल किती घालायचं ते बीकरमध्ये बघणं) रोज करा, पाणी बदललं की पुन्हा करा. सहा बीकर, प्रत्येकात एक लिटर, एक मिनिट जोरात ढवळणं, पंधरा मिनिटं सावकाश, अर्धा तास बसू द्यायचं. प्रत्येक बीकरला वेगळा डोस, आणि मग वेगळा पीएच. तुरटी साधारण ६ ते ७ पीएचला चालते, फेरस सल्फेटला चुन्याबरोबर अल्कली बाजू लागते. डिस्पर्स रंग पाण्यात विरघळलेला नसतो त्यामुळे तो गाळ जमवणाऱ्या केमिकलने, म्हणजे कोअ‍ॅग्युलंटने पटकन खाली बसतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग पूर्ण विरघळलेला असतो, तो बसत नाही, आणि मग माणसं काय करतात तर डिकलरंट नावाने मिळणारा कॅटायनिक पॉलिमर ओततात. पाणी समोर पांढरंशुभ्र होतं, सगळे खूश. पण डोस जरा जास्त झाला की उरलेला पॉलिमर पाण्याबरोबर पुढे जातो, आरओच्या तोंडाशी ऋण भाराच्या अँटीस्केलंटशी त्याची गाठ पडते आणि मेंब्रेनवर चिकट साय धरते. आरओ विरघळलेला रंग मुळातच अडवतो. त्यामुळे आरओच्या फीडला थोडा रंग असलेला चालतो, पॉलिमर असलेला चालत नाही. बाहेर सोडायच्या पाण्याचं मोजमाप आरओला जाणाऱ्या पाण्याला लावू नका.

तसंच फेरस आणि चुना भरमसाट टाकून रंग काढला तर गाळाचा डोंगर होतो आणि वर कॅल्शियम, सल्फेट, लोह तुम्हीच पाण्यात घातलेलं असतं. तुरटीचा उरलेला अ‍ॅल्युमिनियमही सिलिकाबरोबर जमून हट्टी थर देतो. मी तर म्हणेन की बायोलॉजिकल झेपत असेल तर केमिकल ट्रीटमेंट कमीत कमी ठेवा, शक्य असेल तिथे ती बायोलॉजिकलच्या नंतर आणि गरजेपुरतीच करा.

तपासणी: सगळ्यात चांगल्या बीकरमधलं वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टर पेपरमधून गाळा. दिसायला नितळ पाणी जर पेपरवर बुळबुळीत होऊन अडकत असेल तर पॉलिमर जास्त झालाय, डोस उतरवा.

टप्पा ५: बायोलॉजिकल आणि यूएफ

साधी एरेशन टाकी (हवा दिलेली बॅक्टेरियाची टाकी), क्लॅरिफायर (गाळ बसवायची टाकी), सँड फिल्टर आणि मग यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, बारीक कण अडवणारं मेंब्रेन), किंवा सरळ एमबीआर (बॅक्टेरियाची टाकी आणि मेंब्रेन एकत्र), दोन्ही चालतं. जागा कमी असेल आणि माणूस हुशार असेल तर एमबीआर बरा, कारण क्लॅरिफायरमधून स्लज (बॅक्टेरियाचा गाळ) उसळून यूएफवर यायची भानगड राहत नाही.

बॅक्टेरियाला खायला लागतं ते बीओडी १०० ला नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ या प्रमाणात. डाईंगच्या पाण्यात हे दोन्ही कमीच असतात, म्हणून युरिया आणि फॉस्फेट घालावं लागतं. प्रिंटिंग असेल तर युरिया आधीच येतोय, तो मोजून मगच घाला. ऑक्सिजन १.५ ते २ पीपीएम, पीएच ६.५ ते ८.५. मिठाची सवय बॅक्टेरियाला होते पण झटका सहन होत नाही, टीडीएस रोज ५००० असेल तर चालून जातं, आज २००० आणि उद्या ८००० असेल तर स्लज फुटतं आणि त्यातला चिकट भाग मेंब्रेनवर बसतो. ब्लीचिंगचं पेरॉक्साईड इथपर्यंत येत असेल तर ते आधी मोडा, मशीनमध्येच एन्झाइमने मोडलेलं सगळ्यात चांगलं.

एमबीआर चालवताना स्लज लिटरला ८ ते १२ ग्रॅम, फ्लक्स (मेंब्रेनमधून निघणारं पाणी) तासाला चौरस मीटरमागे १२ ते १८ लिटर, नऊ मिनिटं सक्शन आणि एक मिनिट विश्रांती, अशी सुरुवात करा. उत्पादन वाढलं म्हणून सक्शन वाढवू नका, त्या दिवशी पाणी जास्त मिळेल आणि आठवड्यानंतर कमी. फेस आला की सिलिकॉन अँटीफोम ओतायची सवय असते, ती मोडा, सिलिकॉन मेंब्रेनच्या भोकांत बसतं. पाण्याचा फवारा मारा, फारच झालं तर मेंब्रेन कंपनीने मान्य केलेला सिलिकॉनविरहित अँटीफोम घ्या.

स्लजची तब्येत बघायची सोपी रीत आहे. ५० मिली स्लज साध्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि पाच मिनिटांत खाली किती मिली पाणी आलं ते रोज लिहा. आकडा रोज घसरत असेल तर प्रेशर वाढायच्या आधीच तुम्हाला कळतं की काहीतरी बिघडतंय.

सावधान: यूएफ-एमबीआर धुताना हायपो (क्लोरीनयुक्त सोडियम हायपोक्लोराईट) आणि अ‍ॅसिड कधीही एका टाकीत, एका पाइपमध्ये, एकापाठोपाठ न धुता वापरू नका. क्लोरीन वायू सुटतो. मधे पाणी फिरवून पीएच सात आला की मगच दुसरं.

टप्पा ६: आरओच्या दारातली तपासणी

इथून पुढे आरओ. आत सोडण्याआधी पाणी खालच्या गोष्टींत पास व्हायला हवं.

एसडीआय, म्हणजे सिल्ट डेन्सिटी इंडेक्स. ४७ मिलीमीटरचा ०.४५ मायक्रॉन पेपर, २.१ बार प्रेशर. पहिले ५०० मिली भरायला किती सेकंद लागले ते लिहा, पाणी तसंच चालू ठेवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा ५०० मिलीचा वेळ घ्या. पहिला वेळ भागिले दुसरा वेळ, ते एकातून वजा, गुणिले १००, भागिले १५. समजा ३० सेकंद आणि ४५ सेकंद आले, तर एसडीआय २.२, छान. ३० आणि १०० आले तर ४.७, म्हणजे काठावर. ५ च्या वर पाणी आत सोडायचंच नाही, ३ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करायचा.

आणि तो पेपर फेकू नका. वाळवून तारीख घालून वहीत चिकटवा. तांबूस असेल तर लोह, त्यावर अ‍ॅसिडचा थेंब टाका, डाग उडाला की खात्री. काळपट असेल तर सेंद्रिय किंवा सल्फाईड. पांढुरका आणि बोटाला बुळबुळीत असेल तर पॉलिमर नाहीतर अ‍ॅल्युमिनियम. महिनाभराचे पेपर एका पानावर शेजारी शेजारी बघितले की कुठल्या दिवशी काय झालं ते समोर दिसतं, आकड्यांच्या तक्त्यात ते दिसत नाही.

क्लोरीन शून्य. पॉलिअमाईड मेंब्रेनला क्लोरीन जाळतं आणि ते नुकसान भरून येत नाही. यूएफला हायपो मारला असेल तर ती लाईन धुतल्याशिवाय आरओ चालू करू नका. उरलेल्या क्लोरीनसाठी सोडियम मेटाबायसल्फाईट, हिशोबाने एक पीपीएम क्लोरीनला साधारण दीड पीपीएम, प्रत्यक्षात दोन ते तीन धरतात. ओआरपी मीटर (क्लोरीनसारखं ऑक्सिडायझर आहे का ते दाखवणारा) लावा आणि हाय ओआरपीला हाय प्रेशर पंप आपोआप बंद होईल असं इंटरलॉक ठेवा. हे इंटरलॉक बायपास केलेलं दिसलं की समजायचं पुढचं मेंब्रेन बिल लवकरच येतंय.

कार्ट्रिज फिल्टर ५ मायक्रॉन. बदलताना जुनं कार्ट्रिज उभं कापून बघा. रंग बाहेरच्या थरातच असेल तर ठीक, थेट गाभ्यापर्यंत रंग आणि चिकटपणा असेल तर मागून बरंच काही येतंय. कार्ट्रिज आठवड्याला बदलावं लागत असेल तर कार्ट्रिजची मोठी ऑर्डर देऊ नका, यूएफ तपासा, फायबर तुटलेत का त्याची एअर टेस्ट घ्या.

टप्पा ७: रिकव्हरी आणि मांडणी ठरवणं

जास्त रिकव्हरीचा (आत गेलेल्या पाण्यातला शुद्ध होऊन मिळणारा हिस्सा) मोह इथे होतो. ७५ टक्के रिकव्हरी म्हणजे रिजेक्टमध्ये (मागे उरणाऱ्या खाऱ्या पाण्यात) सगळं चौपट, ९० टक्के म्हणजे दहापट. फीडचा टीडीएस ६००० असेल तर रिजेक्ट अनुक्रमे २४ हजार आणि ६० हजार. साधं मीठ धरलं तर दर हजार पीपीएमला ऑस्मोटिक प्रेशर (मिठामुळे उलटा येणारा दाब) पाऊण बारच्या आसपास, म्हणजे पहिल्या बाबतीत १८ आणि दुसऱ्यात ४५ बार तर नुसतं तोंड द्यायलाच लागतात, वर पाणी ढकलायचं वेगळं. सिलिकाही तशीच वाढते, रिजेक्टमध्ये १२० ते १५० पीपीएमच्या वर ती बसायला लागते. म्हणजे फीडला ३० पीपीएम सिलिका असेल तर ७५ टक्क्यांनाच तुम्ही काठावर आलात. जास्त रिकव्हरी हवीच असेल तर ती एका आरओवर ओढू नका, मधे हार्डनेस आणि सिलिका काढून दुसरा, जास्त प्रेशरचा आरओ लावा.

मेंब्रेन किती लागतील ते असं काढा. परमीट (मेंब्रेनपलीकडे आलेलं शुद्ध पाणी) तासाला ३० घनमीटर हवं, फ्लक्स सांडपाण्यासाठी १७ लिटर धरला, तर ३०,००० भागिले १७ म्हणजे १७६५ चौरस मीटर. आठ इंची मेंब्रेन साधारण ३७ चौरस मीटरचं, म्हणून ४८ मेंब्रेन, सहाच्या आठ व्हेसल (मेंब्रेन बसवायच्या नळ्या). आता मांडणी. पहिल्या स्टेजला पाच आणि दुसऱ्याला (जिला पहिलीचं रिजेक्ट जातं) तीन ठेवल्या तर ७५ टक्के रिकव्हरीला शेवटचं १० घनमीटर रिजेक्ट तीन व्हेसलमध्ये वाटलं जातं, प्रत्येकी ३.३, इतक्या संथ पाण्यात घाण बसणारच. सहा आणि दोन ठेवल्या तर प्रत्येकी ५ येतं आणि शेवटचं मेंब्रेन धुतलं जात राहतं. कोटेशनमध्ये फ्लक्स २५ च्या पुढे दाखवून मेंब्रेन कमी लावलेली दिसली तर सही करू नका, ती बचत वर्षभरात सीआयपीच्या (मेंब्रेन जागेवरच धुण्याच्या) केमिकलमध्ये जाते.

टप्पा ८: पहिल्यांदा चालू करण्याचा क्रम

१. मेंब्रेन भरण्याआधी मागची सगळी लाईन धुऊन पाणी ड्रेनला सोडा. वेल्डिंगचे कण आणि पाइपचे तुकडे पहिल्या मेंब्रेनच्या तोंडात जाऊन बसतात.

२. मेंब्रेन भरताना ओ-रिंगला ग्लिसरीन लावा, ग्रीस किंवा तेल नको. ब्राइन सीलचा (मेंब्रेनच्या बाहेरून पाणी निसटू न देणाऱ्या रिंगचा) कप फीडच्या बाजूला. प्रत्येक मेंब्रेनचा सीरियल नंबर कुठल्या व्हेसलमध्ये कितव्या जागी गेला ते लिहून ठेवा.

३. परमीट आणि रिजेक्ट दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे. ४ बारच्या खालच्या प्रेशरने अर्धा तास पाणी फिरवून हवा काढा. हवा आत असताना हाय प्रेशर पंप लावला तर पाण्याचा दणका बसून मेंब्रेन आतून सरकतं.

४. मग पंप, प्रेशर हळूहळू वर, रिजेक्ट व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत ठरलेली रिकव्हरी.

५. पहिल्या तासाभराचं परमीट ड्रेनला. त्यात मेंब्रेनचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं.

६. एक-दोन दिवस स्थिर चालल्यावर सगळे आकडे लिहा. हीच तुमची मूळ नोंद, पुढची प्रत्येक तुलना हिच्याशी.

सावधान: प्लांट चालू असो की बंद, परमीटचा व्हॉल्व्ह बंद राहून उलटं प्रेशर आलं तर मेंब्रेनची पानं चिकटवलेल्या कडेला फाटतात.

टप्पा ९: नोंदी, आणि त्या वाचणं

फीड, स्टेजमधलं आणि रिजेक्ट प्रेशर, तिन्ही फ्लो, तिन्ही कंडक्टिव्हिटी, तापमान, पीएच, ओआरपी. तापमान का, तर एक डिग्रीला परमीट साधारण तीन टक्के बदलतं. पाणी पाच डिग्रीने गार झालं आणि परमीट पंधरा टक्के पडलं तर मेंब्रेनला काही झालेलं नाही, उगाच केमिकलने धुऊ नका. आणि उलट, गरम पाण्यामुळे परमीट तेवढंच दिसत असताना आतून मेंब्रेन भरत आलेलं असू शकतं. म्हणून मेंब्रेन कंपनीच्या नॉर्मलायझेशनच्या (तापमान-प्रेशरचा फरक वगळून बघायच्या) शीटमध्ये आकडे टाकून बघा.

कुठे काय बिघडलं ते जागेवरून कळतं. पहिल्या स्टेजचा प्रेशर फरक वाढतोय तर कण, सेंद्रिय किंवा जंतूंचा थर. शेवटच्या स्टेजचं परमीट पडतंय आणि मीठ जास्त येतंय तर स्केल. सगळीकडे परमीट वाढलं आणि मीठही वाढलं तर ऑक्सिडेशन, म्हणजे क्लोरीन आत गेलं. एकाच व्हेसलची कंडक्टिव्हिटी उंच असेल तर ओ-रिंग. त्यासाठी त्या व्हेसलच्या परमीट ट्यूबमध्ये बारीक नळी सरकवत जायचं, दर मेंब्रेनच्या लांबीला थांबून कंडक्टिव्हिटी घ्यायची, जिथे आकडा उडी मारतो तिथला सांधा गळतोय. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्याने पूर्ण सेट बदलायचा खर्च वाचू शकतो.

टप्पा १०: सीआयपी

कधी: नॉर्मलाइज्ड परमीट १० ते १५ टक्के पडलं, प्रेशर फरक १५ टक्के वाढला, किंवा मीठ ५ ते १० टक्के जास्त यायला लागलं, यातलं जे आधी होईल तेव्हा. अर्धं पाणी पडेपर्यंत थांबलात तर थर घट्ट होतो आणि मग पूर्ण निघत नाही.

क्रम: डाईंगच्या पाण्याला आधी अल्कली, मग अ‍ॅसिड. सवयीने आधी अ‍ॅसिड मारतात, त्याने सेंद्रिय थर आणि रंग आकसून आणखी घट्ट बसतो. नुसतं कार्बोनेट स्केल आहे अशी खात्री असेल तेव्हाच अ‍ॅसिड पहिलं.

कॉस्टिक आणि ईडीटीए (धातू-क्षार पकडणारं केमिकल), पीएच ११ ते १२, पाणी ३० ते ३५ डिग्री, नेमकी मर्यादा तुमच्या मेंब्रेनच्या डेटाशीटमधून घ्या. द्रावण आरओच्या परमीटमध्येच बनवा, हार्ड पाण्यात बनवलं तर पीएच वाढल्यावर तुम्हीच आत स्केल तयार कराल. आठ इंची एका मेंब्रेनला ३५ ते ४० लिटर, वर पाइपचं वेगळं. प्रत्येक स्टेज वेगळी धुवा, एकत्र धुतली तर पहिलीची घाण दुसरीत जाते. व्हेसलला तासाला ६ ते ९ घनमीटर फ्लो आणि प्रेशर इतकंच की परमीट येणार नाही. परत येणारं पहिलं गडद पाणी ड्रेनला सोडा, टाकीत घेऊ नका. अर्धा तास फिरवा, तासभर भिजत ठेवा, पुन्हा फिरवा. मधे पीएच अर्ध्या युनिटने घसरला तर केमिकल घालून वर आणा, रंग सुटतोय तोवर थांबू नका. मग परमीटने धुऊन सायट्रिक किंवा पातळ हायड्रोक्लोरिक, पीएच २ च्या आसपास.

प्लांट बंद ठेवायचा असेल तर आधी परमीटने फ्लश करा, डाय असलेलं रिजेक्ट रात्रभर आत ठेवू नका. दोन दिवसांपेक्षा जास्त बंद असेल तर एक टक्का मेटाबायसल्फाईट भरून हवाबंद करा, आणि पीएच ३ च्या खाली गेला की ते बदला.

टप्पा ११: रिजेक्टचं काय

हे पहिल्या दिवशीच ठरलेलं हवं, आरओ बसल्यावर नाही. १०० घनमीटरला ७५ टक्के रिकव्हरी म्हणजे रोज २५ घनमीटर खारं, रंगीत पाणी. इव्हॅपोरेटर लावला तर चार इफेक्टमध्ये (म्हणजे तीच उष्णता चारदा वापरून) एक किलो वाफेवर साधारण तीन-साडेतीन किलो पाणी उडतं, यावरून तुमच्या बॉयलरला हे झेपतंय का ते काढा. इव्हॅपोरेटर कमी पडला की लोक रिजेक्ट गुपचूप इक्वलायझेशनला परत सोडतात, मग टीडीएस फिरत-वाढत राहतो आणि काही आठवड्यांत आरओ बसतो. ही पाइपलाईन ठेवूच नका.

टप्पा २ मध्ये वेगळा काढलेला डाय बाथ इथे कामाला येतो. तो गाळून नॅनो मेंब्रेनवर घेतला तर रंग मागे राहतो आणि साधं मीठ पाण्याबरोबर पलीकडे जातं, ते खारं पाणी पुन्हा डाईंगला वापरता येतं. ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरत असाल तर हा हिशोब उलटतो, सल्फेट रंगाबरोबरच अडतं. तिथे रंग वेगळा काढून द्रावण गार करून क्रिस्टल काढावे लागतात. मशीनवर कुठलं मीठ वापरायचं हा निर्णय म्हणूनच ईटीपीवाल्याला विचारून घ्यायचा असतो.

टप्पा १२: डाईहाऊसला पाणी परत देताना

आरओचं परमीट दिसायला उत्तम असतं पण त्यात कार्बन डायऑक्साईड आरपार आलेला असतो, पीएच सहाच्या आसपास किंवा खाली. लोखंडी पाइपमधून नेलं तर ते पाइप खातं आणि तेच लोह शेडवर डाग देतं. डीगॅसर (पाण्यातला वायू काढणारं यंत्र) लावा किंवा थोडं कॉस्टिक देऊन पीएच ७ करा, पाइप प्लास्टिकचे घ्या, टाकी बंद आणि अंधारी ठेवा म्हणजे शेवाळ धरत नाही.

एकदम पूर्ण पाणी बदलू नका. आधी चतुर्थांश, मग निम्मं, मग पूर्ण, आणि प्रत्येक पायरीला लॅब डिप: तीच रेसिपी, तेच कापड, एक जुन्या पाण्यात आणि एक नव्या पाण्यात. फिकट शेड आणि ग्रे आधी तपासा, फरक तिथे पहिला दिसतो. जुन्या पाण्यातली अल्कलिनिटी आणि हार्डनेस आता नाही, त्यामुळे सिक्वेस्टरिंग एजंट (हार्डनेस बांधून ठेवणारं केमिकल) कमी लागेल आणि अल्कलीचा डोस पुन्हा बसवावा लागेल. शेड हलली की डायर पाण्याला दोष देतो आणि ईटीपीवाला रेसिपीला, म्हणून हे डिप दोघांनी एकत्र बसून बघायचे.

रोजची तपासणी: हार्डनेस ५० पीपीएमच्या खाली, लोह ०.१ च्या खाली, रंग नाही, कंडक्टिव्हिटी मूळ नोंदीच्या जवळ. कंडक्टिव्हिटी अचानक वाढली तर परमीट आपोआप ड्रेनकडे वळेल असा व्हॉल्व्ह लावा, म्हणजे रात्रपाळीत ओ-रिंग गेली तरी सकाळी सगळा लॉट पुन्हा रंगवायला लागणार नाही.